पावडीची दोरी

१

दर शनिवारी सकाळी अरुणा तनूच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची, मग गॅस बंद आहे का बघायची, मग पुन्हा श्वास. पिशवीत नॅप्या, मलमलची फडकी, जास्तीचं झबलं असं सगळं भरून व्हायचं आणि दाराशी आली की ती पिशवी पुन्हा उपसायची. मिलिंद हॉस्पिटलमधली रात्रपाळी करून पांघरुणात शिरलेला असायचा. तिथूनच म्हणायचा, "अगं, जा आता. इथल्या इथे कॅनटनला चाललीयेस, काशीला नाही."

कार्डिफला येऊन तिला दीड वर्ष झालं होतं आणि तनू पाच महिन्यांची होती. मिलिंद नर्स. अरुणा येवल्याची, घरात पैठणीचे माग. सातवीनंतर शाळा सुटली ती आईशेजारी मागावर बसायला. इथे माग नव्हता, आई नव्हती. खिडकीबाहेर दिवसभर बारीक पाऊस आणि पाळण्यात एक जीव, जो कधीही श्वास घ्यायचा विसरेल असं तिला वाटायचं. हे ती कुणाला सांगत नसे. बाळ बघायला सरकारी हेल्थ व्हिजिटर बाई घरी आल्या की हसून "ऑल फाइन, ऑल फाइन" म्हणायची. बाई वहीत काय लिहितात कोण जाणे, उद्या म्हणाल्या हिला मूल सांभाळता येत नाही, मग?

वर्कशॉपची कल्पना खालच्या फ्लॅटमधल्या ऋजुताची. ऋजुता पुण्याची, सॉफ्टवेअरमधली, बोलायला लागली की ऐकतच राहावं. एक दिवस ती दार न वाजवता आत आली आणि म्हणाली, "जॅपनीज सिल्क वीव्हिंग. चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये, सॅटर्डे मॉर्निंग. मी दोघींची नावं दिलीयेत. नाही म्हणायचं नाही."

"आणि तनू?"

"तनू पण येणार. मी विचारलंय त्यांना. घरात बसून तू तिच्याकडे अशी बघत असतेस ना अरुणा, मला भीती वाटते, ती पोरगी एक दिवस म्हणेल, आई जरा तिकडे बघ गं."

अरुणा हसली. खूप दिवसांनी हसली.

२

हॉल जुना होता. उंच खिडक्या, ओलसर भिंती, कोपऱ्यात घरघरणारा हीटर. शिकवणाऱ्या सारानं क्योटोत बरीच वर्षं काढलेली. केस पांढरे, आवाज हळू. तिनं पहिल्याच दिवशी हात पुढे करून नखं दाखवली. मधल्या दोन बोटांची नखं कानशीनं घासून करवतीसारखी केलेली, बारीक दातेरी. या विणीत बाणा फणीनं नाही, नखानं ओढून बसवायचा. आणि विणणाऱ्यासमोर कापडाची उलटी बाजू असते. सुलटी बघायची तर ताण्याखाली एक छोटा आरसा ठेवायचा, त्यात डोकवायचं.

बाकीच्या बायका टेबलावरच्या छोट्या मागांवर बसल्या. सारानं अरुणाचे हात पाहिले, एक धागा जोडायला दिला, आणि तिला भिंतीजवळच्या मोठ्या मागावर नेऊन बसवलं. तो माग जपानहून आलेला, जुना, लाकूड काळपट पडलेलं. खाली दोन पावड्या. अरुणानं पाय ठेवला, ताणा वरखाली झाला आणि तिच्या पोटात काहीतरी सैल झालं. घरी आल्यासारखं.

मग तिला ती खाच दिसली.

मागाच्या डाव्या पायावर, जमिनीपासून वीतभर वर, लाकडात एक गुळगुळीत घळ पडलेली. बोट फिरवलं तर तेलकट लागली. सारा म्हणाली, बोटीवर चढवताना कुठेतरी घासला असेल. अरुणानं मान हलवली. पण ही खाच तिच्या ओळखीची होती. आईच्या मागालाही अशीच होती. झोळीतल्या बाळाची दोरी आई पावडीला बांधायची, पाय चालला की झोळी हलायची, साडीही व्हायची आणि पोरही झोपायचं. अरुणा आणि तिच्या भावंडांच्या पाठोपाठच्या झोपांनी ती खाच पाडली होती. असल्या खाचेला वर्षं लागतात. एका बाळाचं काम नाही ते.

दोरी पण होती. पावडीमागे गुंडाळून खिळ्याला अडकवलेली, रेशमाची, पिळदार, टोकाला फास. अरुणाला वाटलं, असेल सामानातली.

तेवढ्यात तनू रडायला लागली. रडणं सुरू होताच अरुणाच्या छातीत कळ आली आणि पान्हा फुटला. हे नेहमीचंच. बाळंतपणाच्या वॉर्डात इतर बाळांनी रात्रभर टाहो फोडला तरी तिला काही होत नसे, तनू नुसती कण्हली की ब्लाउज भिजायचा. मिलिंद चिडवायचा, "तुझा नळ एकाच आवाजावर सुटतो." तिनं तनूला पाजलं, प्रॅममध्ये ठेवलं, तरी रडणं थांबेना. टेबलावरच्या बायका वळून हसल्या, समजुतीचं हसू, पण अरुणाचे कान तापले.

प्रॅम चॅरिटी शॉपमधली, जुन्या घाटाची, मोठ्या चाकांची आणि स्प्रिंगांवर डुलणारी. खोल काळं हूड. अरुणानं फार विचार केला नाही. प्रॅम पाठीमागे लावली, ब्रेक दाबला, खिळ्यावरची दोरी उलगडून खाचेतून ओढली आणि फास प्रॅमच्या दांड्यात अडकवला. लांबी बरोबर बसली. मापून ठेवल्यासारखी.

पाय चालला, प्रॅम डुलली. तनू गप्प झाली.

"ओह, दॅट्स क्लेव्हर!" सारा म्हणाली.

ऋजुतानं फोटो काढला. "हे पेटंट कर अरुणा. मिलिंदला सांग नोकरी सोड."

३

तिसऱ्या शनिवारी घडलं ते असं.

अरुणा विणत होती. एका पानाची नक्षी, हिरव्याच्या तीन छटा. हात चालत होते, नख धागा ओढत होतं, पाय वरखाली. पायाला दोरीमधून प्रॅमचं वजन कळत होतं. विणकराच्या घरात वाढलेल्या मुलीला ते कळतं. बाळ जागं असलं की दोरीला हिसके बसतात, झोपलं की वजन एकसंध होतं, ओल्या पिठाच्या गोळ्यासारखं. आत्ता ते एकसंध होतं. तनू झोपलीय, म्हणून ती वळून बघत नव्हती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती बाळाकडे न बघता बसली होती आणि तिला त्याचा मनातून आनंद झाला होता.

खिडकीवर टकटक झाली.

तिनं मान वर केली. बाहेर हिरवळीवर ऋजुता उभी. खांद्यावर तनू. ऋजुता तनूचा हात धरून काचेतून टाटा करत होती.

अरुणाचा पाय चालूच होता. खाली, वर. दोरीला वजन होतं. पाच महिन्यांच्या झोपलेल्या मुलाचं वजन, तसंच, एकसंध.

पाय कसा थांबवला ते तिलाच माहीत. प्रॅम आणखी दोनदा डुलली आणि मग थांबली.

ऋजुता आत आली, गारव्यानं गाल लाल. "कसली तंद्री लागलीये गं तुझी! ती उठली होती, मी म्हटलं तुला डिस्टर्ब नको. अर्धा तास फिरवली तिला."

"अर्धा तास?"

"असेल. का? काय झालं? अगं, चक्कर येऊन पडशील, बस."

अरुणानं प्रॅमचं हूड मागे केलं. आत पांढरी चादर, पिवळं पांघरूण आणि मऊ ससा. बस. पांघरुणाला मधोमध खळगा पडलेला. तनूचाच असणार, तिचाच, दुसऱ्या कुणाचा असणार. तिनं हात घातला. खळगा उबदार होता.

हीटर आहे ना शेजारी, तिनं स्वतःला समजावलं. हीटरची ऊब.

रिकामा पाळणा हलवू नये, हे तिच्याकडे कुणी शिकवत नाही. लहानपणी रिकाम्या झोळीला हात लावला की पाठीत धपाटा बसतो आणि ते अंगात राहतं. इथे धपाटा घालायला कुणी नव्हतं.

४

बसथांब्यापर्यंत प्रॅम ढकलताना तिला दम लागला. आठवडाभर तसंच. चढ आहे, तिनं म्हटलं. चाकाला तेल हवं. मिलिंदनं तेल घातलं, दोनदा पुढेमागे करून बघितली आणि म्हणाला, "लोण्यासारखी चालतेय की."

"तनूला ठेवून बघ."

त्यानं ठेवलं. तनू लगेच कुशीवर वळली, एका कडेला, प्रॅमच्या भिंतीला चिकटून. अर्धी जागा मोकळी. घरच्या कॉटमध्येही ती तशीच झोपायला लागली होती, लाकडी गजांना नाक लावून. अरुणा तिला उचलून मध्ये ठेवायची. थोड्या वेळानं बघावं तर पुन्हा कडेला.

मग गालावर ओरखडे दिसले. बारीक, समांतर तीन. केसांच्या फणीनं उठावेत तसे.

मिलिंदनं तनूचा गाल दिव्याकडे वळवला आणि मग अरुणाचा हात हातात घेतला. तिच्या मधल्या बोटाचं नख. सारानं घासून दिलेलं, करवतीसारखं.

"हे काय आहे अरुणा?"

"विणायला लागतं ते. पण मी नाही..."

"झोपेत लागलं असेल. मी रागावत नाहीये." तो रागावला नव्हता, हेच वाईट. वॉर्डातल्या पेशंटशी बोलतात त्या आवाजात बोलत होता. "नख काप. आणि पुढच्या वेळी हेल्थ व्हिजिटर आल्या की आपण जरा बोलू त्यांच्याशी. झोप लागत नाही, काळजी वाटते, असं. यात लाजण्यासारखं काही नाही."

तिनं त्याच्यासमोर नख मुळापर्यंत कापलं. दुखेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तनू प्रॅममध्ये अर्धा तास झोपली. उठली तेव्हा जुन्या ओरखड्यांच्या खाली नवे तीन होते. ताजे.

अरुणानं ते मिलिंदला दाखवले नाहीत. पावडर लावली.

५

आईचा व्हिडिओ कॉल रोज यायचा. येवल्यात संध्याकाळ, मागच्या खोलीत मागाचा खटका चालू, आईच्या चष्म्यावर ट्यूबलाइट. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग अरुणा फोन घेऊन बाथरूममध्ये गेली आणि दार लावून सगळं सांगितलं. आईनं मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "दोरी तू नेलीवती का घरची?"

"नाही. तिथंच होती मागाला."

"तिथंच होती," आई म्हणाली. मागं वळून तिनं काहीतरी खूण केली आणि खटका थांबला. "आन् तू रिकामा हालवला."

"मला माहीत नव्हतं आई. मला वजन लागत होतं पायाला."

"लागंल ना. कोणी हालवीत बसलंय म्हनल्यावर..." आईनं चष्मा काढून पुसला. मग एकदम कामाच्या आवाजात बोलायला लागली, जसं ती तुटलेल्या धाग्याबद्दल बोलते. "हे बघ, मला काही ठावं नाही. पन जिथली दोरी तिथं नेऊन बांध. झोप लागंपर्यंत हालव. झोपलं का हळूच दोरी सोड आन् नीघ. गाडीचा मोह धरू नको. आन् ऐक, तनूला संगं न्यायची नाही. समजलं का? तिला दारात बी न्यायची नाही."

"आई, हे सगळं माझ्या मनाचं असेल तर?"

"तर मंग गाडी जाईन एक," आई म्हणाली. "जाऊ दे."

६

शनिवारी मिलिंदला सुट्टी होती. ती म्हणाली, आज तनूला तुझ्याजवळ ठेवते, मला जरा मोकळं व्हायचंय. त्याला इतकं बरं वाटलं की तिला अपराध्यासारखं झालं.

"मग प्रॅम कशाला नेतेस?"

"चाक दाखवायचंय. साराच्या ओळखीचा माणूस आहे." खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे तिला माहीत नव्हतं. तिनं तनूची पापी घेतली आणि निघाली. ऋजुता गावाला गेली होती, म्हणजे वाटेत कुणी बोलायलाही नाही.

बसमध्ये तिनं प्रॅम ठेवायच्या जागी प्रॅम लावली आणि हूड पूर्ण खाली ओढलं. ड्रायव्हरनं वळण घेतलं तेव्हा प्रॅम तिच्या गुडघ्यावर जोरात आदळली. रिकामी प्रॅम अशी आदळत नाही. पण रस्ता ओला, बस वेगात. प्रत्येक गोष्टीला कारण असतंच. तिनं दांडा घट्ट धरून ठेवला.

समोर एक म्हातारी बसली होती. मांडीवर खरेदीची पिशवी, डोक्याला प्लास्टिकचा स्कार्फ. ती वाकून हूडच्या फटीतून आत बघायला लागली. अरुणाला वाटलं हात आडवा घालावा. पण म्हातारीचा चेहरा फुलला. लहान मूल बघितल्यावर फुलतो तसा.

"आहा. फास्ट अस्लीप, ब्लेस हिम."

हिम.

मुलगा म्हणाली ती. अंधारात पांघरुणाचा गोळा दिसला असेल. म्हातारीची नजर अधू असेल. ससा दिसला असेल. म्हातारी उतरायला उठली तेव्हा तिनं पुन्हा एकदा वाकून बघितलं, आणि या वेळी चेहऱ्यावरचं हसू गेलं. स्कार्फची गाठ चाचपत ती घाईनं उतरली आणि बस सुटली तरी फुटपाथवर तशीच उभी होती.

७

हॉलमध्ये त्या दिवशी दोघी-तिघीच होत्या, लांबच्या टोकाला चहा करत होत्या. अरुणानं प्रॅम बसायच्या जागेच्या पाठीमागे लावली. दोरी खाचेतून आपोआप सरकली. फास दांड्यात बसला. ती प्रॅमकडे पाठ करून बसली आणि पाय ठेवला.

वजन होतं.

या वेळी हिसके होते. प्रॅममधलं जे काही होतं ते जागं होतं. पाय चालत राहिला. तिनं बाणा घातला, हिरव्या पानाची कड विणायला घेतली. नख नव्हतं म्हणून बोटाच्या मांसानंच धागा ओढत होती. थोड्या वेळानं पाठीमागून आवाज आला. कण्हणं. भूक लागलेल्या मुलाचं, दबलेलं, पांघरुणात तोंड असल्यासारखं.

मग तिच्या लक्षात आलं की छातीत कळ आलेली नाही. ब्लाउज कोरडा होता. म्हणजे ही तनू नाही. तनू घरी आहे, बापाजवळ. हे जे आहे त्याला माझ्या अंगानं ओळखलं नाही. त्या एका गोष्टीचा तिला असा काही आधार वाटला की डोळ्यांत पाणी आलं. झोप बाळा, ती मनात म्हणाली. कुणाचं असशील ते अस, पण झोप.

खाली, वर. खाली, वर. कण्हणं बारीक होत गेलं. हिसके कमी झाले.

विणीकडे बघायचं म्हणून ती ताण्याखालच्या आरशात वाकली. आरसा थोडा कलंडला होता. त्यात कापडाची सुलटी बाजू दिसत नव्हती. उभ्या रेशमी धाग्यांच्या फटीतून प्रॅमच्या हूडची कड दिसत होती, काळी. त्या कडेवर चार बोटं होती. इवलीशी, फिकट. ती नुसती धरून नव्हती. हूडच्या कापडावरून एकेक बोट खाली ओढत होती, सारखी, न थकता, धागा बसवावा तशी. नखांना दाते होते.

अरुणानं डोळे मिटले. पाय थांबवला नाही. थांबवला असता तर ते उठलं असतं.

किती वेळ गेला कोण जाणे. दोरी संथ आणि जड झाली, एकसंध, ओल्या पिठासारखी. झोपलं. आता फक्त दोरी तोडायची आणि दाराबाहेर पडायचं. तिनं डोळे उघडले, मागावरच्या कात्रीकडे हात नेला.

दोरीला एक हिसका बसला. प्रॅम जोरात डुलली, एकदाच.

"श्श," मिलिंद कुजबुजला. "तू कर तुझं काम. उठायची नाही ती आता."

ती वळली. मिलिंद प्रॅमवरून सरळ होत होता. अंगावर ओलं जॅकेट, तनूची कॅरिअर गळ्यात, मोकळी.

"बाटली घेईना गं. तू गेल्यापासून नुसती किंचाळतेय. म्हटलं तुझ्याकडेच आणावी. तर बसमध्ये झोपली माझ्या खांद्यावर. ठेवली प्रॅममध्ये. काय झालं? अरुणा?"

पाय अजून पावडीवर होता. तिनं तो दाबला. खाली, वर. तिच्याकडून झालं ते, तिनं केलं नाही. झोपलेल्या बाळाचं वजन लागलं.

एकाच बाळाचं.

आधी होतं तेवढंच. वाढलंही नाही, घटलंही नाही.

कात्रीनं दोरी कापली तेव्हा तिचा आवाज झाला नाही. अरुणानं हूडच्या आत दोन्ही हात घातले. अंधारात हाताला झबलं लागलं, त्यातलं उबदार अंग लागलं. शेजारी आणखी काही आहे का हे तिनं चाचपलं नाही. धीर झाला नाही. जे हाताला लागलं ते छातीशी धरून ती खिडकीपाशी गेली.

तनू होती. तेच झबलं, मिलिंदनं उलटं घातलेलं. तोच कानामागचा तीळ. तिनं आधी बोटं उघडून नखं बघितली. गुळगुळीत. गालावरचे ओरखडे, तीन आणि तीन, तेही होते, डाव्या गालावर. डाव्याच गालावर होते ना?

बाळानं डोळे उघडले आणि तिच्याकडे बघितलं. रडलं नाही.

"अगं, प्रॅममध्ये ठेव ना, कशाला हातावर," मिलिंद म्हणाला.

"प्रॅम राहू दे."

"राहू दे म्हणजे?" त्यानं हूड मागे केलं, पांघरूण उचलून झटकलं. "बघ, काही नाहीये आत. काय होतंय तुला?"

"मिलिंद, घरी चल. तुझ्या पाया पडते."

तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं प्रॅम तिथेच सोडली.

८

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. तनू कॉटच्या मधोमध झोपायला लागली. ओरखडे पुसले गेले. बाटलीसुद्धा घ्यायला लागली, अंगावरचं दूधही घ्यायची. आणि रडणं तर बंदच. मिलिंद खूश होता. ऋजुता येऊन म्हणाली, "काय शहाणी पोरगी झालीये! कुठल्या कंपनीचं सॉफ्टवेअर टाकलंस?"

अरुणा हसायची. ओठांनी.

बाळ तोंडाला लावलं की दूध यायचं. आपोआप पान्हा मात्र फुटत नव्हता. बाळ रडतच नाही तर कशानं फुटेल, ती स्वतःला सांगायची. आणि हे खरंच होतं. एकदा वाटलं, चिमटा काढून बघावा, नुसता हलकाच. हात पुढे गेलेला बघून तीच दचकली. आपल्याच मुलीला चिमटा काढायला निघालेली बाई. त्या हेल्थ व्हिजिटरला बोलवायलाच हवं खरं.

बुधवारी दुपारी साराचा फोन आला. अरुणा सोफ्यावर, बाळ मांडीवर, नुकतंच पोटभर पिऊन झालेलं, जागं.

सारा म्हणाली, तुझी प्रॅम राहिलीय, सवडीनं ने. मी ती भिंतीकडे सरकवायला गेले, पण किती जड आहे गं ती. मला एकटीला हललीच नाही.

"सारा," अरुणानं विचारलं. "इज इट एम्प्टी?"

"ऑफ कोर्स इट्स एम्प्टी, लव्ह." सारा हसली. "आय मीन, आय लुक्ट. देअर्स नथिंग इन इट."

फोनमधून तो हॉल ऐकू येत होता. हीटरची घरघर. कुठेतरी किटली. उंच छताखालची पोकळी. दुसरा काहीच आवाज नव्हता. अरुणानं फोन कानावर दाबला, श्वास रोखून ऐकलं. नव्हता.

तिच्या छातीत कळ आली.

ओळखीची, खोल, दोन्हीकडून एकदम. तिनं खाली बघितलं. ब्लाउजवर ओला डाग उमटला होता आणि बघता बघता पसरत होता. थेंब मांडीवरच्या बाळाच्या कपाळावर पडला. ते हललं नाही. ते तिच्याकडे बघत होतं. पोट भरलेलं, शांत. त्याचा एक पाय मात्र तिच्या पोटावर दाबत होता, सोडत होता. दाबत होता, सोडत होता. सावकाश, एका लयीत.

"अरुणा? आर यू देअर?"

"सारा, प्लीज," ती म्हणाली. इंग्रजी सुचेना, जे सुचलं ते बोलली. "दॅट प्रॅम. यू रॉक इट. प्लीज. रॉक इट, डोन्ट स्टॉप. आय ॲम कमिंग."

ती उठायला गेली. गळ्याला हिसका बसला. बाळानं मंगळसूत्र मुठीत धरलं होतं.